ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रशिक्षकांचीही परीक्षा घ्या

महोदय,

ड्रायव्हिंग स्कूलचा प्रशिक्षक दहावी पास हवा, ५ वर्षांचा गाडी चालवण्याचा अनुभव हवा आणि मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र हवे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २४ सांगतो. पण कोणीतरी शेजारी बसून त्याचे स्वतःचे ड्रायव्हिंग घाटात, पावसात, रात्री पारखून घ्यावे, अशी अट त्यात नाही. ती हवी.

एसटीतून चालक प्रशिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून प्रशिक्षक होऊ पाहणारी मुले माझ्याकडे येतात. मी त्यांना पसरणी घाटात नेतो. परवा एक हुशार मुलगा वाईकडे उतरताना दर वळणाला क्लच दाबून धरत होता. क्लच दाबला की इंजिनाची ओढ सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्याला तोंडपाठ होते! उद्या हाच मुलगा शिकाऊच्या डावीकडे बसेल. तिथे त्याच्या पायाशी जादा क्लच-ब्रेक असतील, पण स्टिअरिंग शिकाऊच्याच हातात. पुढचा धोका आधी दिसला नाही, तर त्या ब्रेकचा काय उपयोग? म्हणून मी त्यांना बोलत गाडी चालवायला लावतो : "पुढे उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, आरसा बघितला, तिसरा टाकतो."

एबीएसचेही, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचेही, तेच. ओल्या, मोकळ्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारायला सांगितला की पेडल पायाखाली थरथरते आणि बहुतेक जण दचकून पाय उचलतात. पाय तसाच दाबून ठेवायचा असतो. ज्याने ती थरथर कधी अनुभवलीच नाही, तो शिकवणार काय?

ब्रिटनमध्ये प्रशिक्षक होणाऱ्याच्या स्वतःच्या ड्रायव्हिंगची सुमारे तासभर परीक्षा होते. किरकोळ चुकासुद्धा सहाच्या वर गेल्या की नापास. शिकवण्याची परीक्षा त्यानंतर, वेगळी.

आपल्याकडे स्कूलचा परवाना दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला येतो. परिवहन विभागाने त्याच वेळी तिथल्या प्रशिक्षकांची अशी परीक्षा घ्यावी आणि त्याआधी प्रशिक्षणही द्यावे. भोसरीला एसटीची प्रशिक्षण संस्था आहे, निवृत्त चालक प्रशिक्षक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. बोलावले तर मी मानधनाशिवाय यायला तयार आहे.

– एक निवृत्त एसटी चालक प्रशिक्षक, वाई