शकुंतला परत येईपर्यंत तिची वाट सायकलींना खुली करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शकुंतला रेल्वेचा बंद पडलेला मार्ग, निदान त्याचा मूर्तिजापूर ते अचलपूर हा भाग, ब्रॉडगेजचे काम प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत सायकलस्वारांसाठी आणि पायी जाणाऱ्यांसाठी खुला करावा, अशी विनंती मी या पत्राद्वारे करीत आहे. ही विनंती वाचून आमच्या भागातील अनेक जण नाराज होतील, याची मला कल्पना आहे. अचलपूरपासून यवतमाळपर्यंत लोकांनी या गाडीसाठी सत्याग्रह केले आहेत, ते काही सायकलच्या रस्त्यासाठी नव्हेत. मलाही रेल्वेच हवी आहे, आणि ती हवी आहे म्हणूनच हे लिहीत आहे.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी माहिती देतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर अशी ही ७६२ मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज लाइन किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभी केली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मुख्य लाइनीवर पोहोचवायचा, तेथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत न्यायचा, हा तिचा हेतू होता. ज्या मँचेस्टरला कापूस गेला, तेथेच १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन पुढे या मार्गावर आले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिन येईपर्यंत सत्तर वर्षे ते धावत राहिले. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वेमार्ग सरकारच्या मालकीचे झाले, परंतु ही लाइन कंपनीकडेच राहिली आणि गाडी मात्र मध्य रेल्वे चालवीत आली. गाडीचा वेग बेताचा होता. गाडीतलाच कर्मचारी उतरून फाटक लावी, गाडी पुढे गेली की ते उघडून पुन्हा चढे, आणि तोवर प्रवासी शांतपणे बसून राहत. गरिबाला परवडणारी ती एकच गाडी होती. २०१६ साली रुंदीकरणाची घोषणा झाली, आम्ही पेढे वाटले, आणि आज रुळांवर वेडी बाभूळ माणसाच्या उंचीपेक्षा वर गेली आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी सायकलने दर्यापूरच्या बनोसा स्टेशनापासून अंजनगावकडे निघालो. डांबरी रस्त्यावर ट्रकांची वर्दळ असते, म्हणून लाइनीच्या कडेने जाणारी पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, धरली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आमच्या काळ्या जमिनीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. पन्नास पावले गेलो नसेन, तोच चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी घट्ट बसली की चाक फिरेना. तुराटीची काडी घेऊन ती माती खरवडायची, चार पावले जायचे आणि पुन्हा खरवडायची, असे तीनदा झाले. शेजारच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, काम करणारा एक गृहस्थ बराच वेळ हे पाहत होता. शेवटी तो म्हणाला, ‘‘गुरुजी, लाइनीनं जा ना, इथं कायले फसता?’’ रेल्वेच्या हद्दीत असे जाणे नियमात बसत नाही हे ठाऊक असूनही मी सायकल खांद्यावर घेऊन भरावावर चढलो. वर गिट्टीच्या कडेला हातभर रुंदीची, पायांनी मळलेली वाट होती, आणि ती कोरडी होती. खाली पांदणीत पाणी साचलेले, आणि वर चाकाला मातीचा कणसुद्धा चिकटत नव्हता.

ज्यांनी हा भराव घातला त्यांना इथल्या मातीचा स्वभाव माहीत होता. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा सगळा खारपाण पट्टा आहे, विहिरीचे पाणी खारे आणि जमीन खोल काळी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, आणि तिच्यावर केलेला कोणताही कच्चा रस्ता दोन पावसाळ्यांत बसतो. लाइन मात्र जमिनीपासून उंच उचललेली, दोन्ही बाजूंनी पाणी निचरून जाईल अशी, आणि गाडीला ओढ बसू नये म्हणून जवळजवळ सपाट आहे. शंभर वर्षे तिच्यावर गाड्या धावल्यामुळे ती धुमसाने दाबल्यासारखी पक्की झाली आहे. सायकलसाठी याहून चांगली वाट नव्याने बांधायची म्हटली तर किती भूसंपादन, किती मुरूम आणि किती वर्षे लागतील, याचा हिशेब सार्वजनिक बांधकाम खात्याने करून पाहावा. आमच्या तालुक्यातील मुली शाळेसाठी मोठ्या गावात सायकलने जातात. पावसाळ्यात त्यांपैकी किती जणींची शाळा चिखलामुळे बुडते, हे मी तीस वर्षे हजेरीपटावर पाहिले आहे. लेहेगावच्या तर नावापुढेच ‘रेल्वे’ लागते. लेहेगाव रेल्वे म्हणून कागदोपत्री ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या मुलांनी लाइन डोळ्यांसमोर असताना चिखल तुडवीत जावे, याचे मला फार वाईट वाटते.

परंतु माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. ज्या जमिनीवर वावर नसतो ती जमीन राहत नाही. त्या दिवशी कापूसतळणीच्या पुढे जाईपर्यंत मला जागोजागी दिसले की कुठे शेताचा धुरा (बांध) सरकत लाइनीला भिडला आहे, कुठे भराव कापून माती नेली आहे, कुठे गावाचा उकिरडा रुळांवर आला आहे. यात कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही, पडीक जागेचे सगळीकडे असेच होते. पण ७६ किलोमीटरच्या पट्ट्यात दहा ठिकाणी असे तुकडे पडले, तर उद्या रुंदीकरणाचा निधी आला तरी आधी ती जागा मोकळी करण्याचे वाद न्यायालयात जातील आणि आमच्या नातवंडांच्या पिढीपर्यंत चालतील. रोज शे-दोनशे माणसे ज्या वाटेने येतात-जातात, त्या वाटेवर कोणी कुंपण घालीत नाही.

ही कल्पना माझ्या मनची नाही. अमेरिकेत बंद पडलेल्या रेल्वेमार्गांची जमीन तुकड्या-तुकड्यांनी हातची जाऊ लागली, तेव्हा १९८३ साली तेथील कायद्यात तरतूद झाली की असा मार्ग भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवावा आणि मधल्या काळात त्यावरून सायकली व पादचारी जाऊ द्यावेत. रेल्वे परत यायची झाली तर वाट सोडावी लागते, हे त्यात आधीच ठरलेले असते. न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतात मिडलमार्च ते क्लाइड हा १५२ किलोमीटरचा मार्ग १९९० साली बंद झाला. रूळ काढल्यावर पुलांवर फळ्या आणि कठडे बसवले, बारीक खडी पसरली आणि २००० साली तो सायकलींसाठी खुला झाला. रेल्वे गेल्यामुळे ओस पडत चाललेल्या तेथील लहान गावांत आज सायकलने येणाऱ्यांच्या मुक्कामावर आणि जेवणावर अनेक घरे चालतात. आमच्याकडेही काही कमी नाही. अंजनगाव-पथ्रोटचे पानमळे आणि केळीच्या बागा, पुढे जाताना उत्तरेला हळूहळू उंच होत जाणारी गाविलगडची रांग आणि शेवटी अचलपूरसारखे जुने शहर, हे सगळे एका दिवसाच्या वाटेवर आहे.

सत्याग्रह करणाऱ्या मित्रांची भीती मी समजू शकतो. एकदा सायकलचा रस्ता केला की ‘तुम्हाला दिले ना काहीतरी’ असे म्हणून रेल्वेचा प्रश्न गुंडाळला जाईल, असे त्यांना वाटते, आणि आजवरचा अनुभव पाहता ते अगदीच चूक म्हणवत नाही. म्हणूनच ही परवानगी तात्पुरती आहे, जमिनीचा वापर रेल्वेखेरीज दुसऱ्या कशासाठी बदलणार नाही आणि रुंदीकरणाचे काम सुरू होताच वाट बंद होईल, हे आदेशात लेखी आले पाहिजे. ते येत नसेल तर मीही या मागणीच्या विरोधात उभा राहीन. राहिला रुळांचा प्रश्न. काही ठिकाणी ते उचलावे लागतील, आणि त्या दृश्याने माझ्याही पोटात कालवेल. परंतु नॅरोगेजचे रूळ रुंदीकरणात उचलले जाणारच आहेत. जपायची आहे ती त्यांच्याखालची सलग जमीन. प्रत्येक स्टेशनासमोर रुळांचा एकेक तुकडा मात्र जागच्या जागी ठेवावा, म्हणजे इथून काय जात होते ते मुलांना दिसेल.

सुरुवात बनोसा ते अंजनगाव एवढ्याच भागापासून करावी, असे मी सुचवितो, कारण पूर्णेवरचा मोठा पूल या भागात येत नाही आणि काम बहुतेक बाभळी तोडणे, मुरूम पसरणे आणि मोऱ्यांना कठडे बसवणे एवढेच आहे. स्टेशनांच्या इमारतींची डागडुजी करून तेथे सावली आणि गोड पाण्याची सोय व्हावी, खारपाण पट्ट्यात त्याची किंमत फार आहे. दोन्ही टोकांना मोटारसायकल शिरणार नाही अशी आडवी लोखंडी फाटके बसवावीत. मध्य रेल्वेचा विभाग, अमरावतीचे जिल्हाधिकारी आणि लाइनीकाठच्या ग्रामपंचायती यांनी पावसाळ्यापूर्वी एकत्र बसून या भागाची मोजणी करावी आणि हद्दीचे दगड रोवावेत. सायकलींना परवानगी मिळेल तेव्हा मिळो, मोजणी मात्र याच उन्हाळ्यात व्हावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
दर्यापूर, जि. अमरावती