ज्येष्ठमधाचा शिक्का आणि मतपेटी

संपादक महोदय,

मतदान गुप्त असते हे आपण इतके गृहीत धरतो की, त्याच्या मागणीपायी माणसे तुरुंगात गेली हे डोक्यातही येत नाही. ब्रिटनमधील चार्टिस्टांच्या (कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीच्या) १८३८च्या सनदेतल्या सहा मागण्यांपैकी ही एक. तोवर मतदाराने चारचौघांत उमेदवाराचे नाव सांगायचे, कारकुनाने ते वहीत लिहायचे. पुष्कळ ठिकाणी या याद्या छापून विकल्याही जात! कुळाने मत कुणाला दिले हे जमीनदाराला घरबसल्या कळे. १८४२मध्ये चार्टिस्टांचा ३३ लाखांवर सह्यांचा अर्ज संसदेने फेटाळला.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत १८५६मध्ये गुप्त मतदान आले. ब्रिटनला १८७२ उजाडले. त्या वर्षी १५ ऑगस्टला (तारीख योगायोगाचीच) इंग्लंडमधल्या पाँटेफ्रॅक्टला पहिली गुप्त पोटनिवडणूक झाली. हे गाव ज्येष्ठमधाच्या वड्यांचे. मतपेटीला लाखेचे सील करताना वड्यांवर उमटवायचा शिक्काच वापरला. ती पेटी आजही तिथल्या संग्रहालयात आहे. बायकांना मात्र तेव्हा मत नव्हतेच.

हे आठवायचे कारण, आमच्या सोसायटीची कमिटी अजून हात वर करून निवडतात. समोर थकबाकीदारांची यादी घेऊन सेक्रेटरी बसलेले. गेल्या सभेत शेजारच्या काकूंनी हात अर्धा वर नेला, इकडेतिकडे पाहिले आणि केस सारखे केल्यासारखे करून खाली घेतला.

– एक वाचक, पुणे