गृहपाठ वहीत द्या, फोनवर नको

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

परळच्या एका शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. सकाळची शाळा सातला भरते. पहिल्या तासाला निम्मी मुलं डोळे उघडे ठेवायला धडपडत असतात. त्यातली बरीच हुशार आहेत, म्हणून जास्त जिवाला लागतं.

रात्री काय चालतं ते मुलंच सांगतात. घरातली माणसं झोपली की फोनवरच्या खेळासाठी चौघांचा स्क्वाड, म्हणजे संघ, जमतो. एक मॅच अर्ध्या तासाची. मध्येच सोडली तर उरलेले तिघे अडकतात, म्हणून कोणी उठत नाही. सीझन संपला की रँक खाली येतो, पुन्हा चढायचं. रोजची मिशन्स वेगळीच. थांबायची जागाच या खेळात ठेवलेली नाही. त्याचा परिणाम मला वह्यांत दिसतो. सूत्र पाठ असतं, पण पाच पायऱ्यांचं गणित तिसऱ्या पायरीवर सोडून दिलेलं. शाब्दिक उदाहरण तर शेवटपर्यंत वाचलंच जात नाही.

केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, चांगलं केलं. पण माझ्या वर्गातली मुलं फुकटचे खेळ खेळतात, त्यांना ती बंदी लागू नाही. पबजी हा असाच फुकटचा खेळ २०२० मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी नव्या नावाने आला. त्यात अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. वडिलांच्या नावाने खेळलं की ती संपली. चीनने २०२१ मध्ये मुलांना शुक्रवार ते रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच मुभा ठेवली. इतकी सक्ती मला नको आहे. प्रत्येक मुलावर सरकारने पाळत ठेवावी, हे मनाला पटत नाही.

माझी मागणी आपल्याच खात्याच्या हातातली आहे. शाळांनी गृहपाठ, प्रकल्प आणि नोट्स व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करावं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दुसरा इलाज नव्हता. शाळा उघडल्या, सवय मात्र राहिली. आता आईने फोन मागितला की "सरांनी पीडीएफ पाठवलंय" एवढं उत्तर पुरतं. ते खरं की खोटं, हे चार घरची कामं करून आलेल्या बाईने कसं ठरवायचं? गृहपाठ फळ्यावरून वहीत उतरला, तर नऊ वाजता फोन काढून घ्यायला तिला भांडावं लागणार नाही.

आणखी एक. शाळांची मैदानं संध्याकाळी कुलपात असतात, ती वस्तीतल्या मुलांना उघडी करून द्या. गल्लीत गाड्या लागल्यावर या मुलांनी खेळायचं कुठे?

खेळणारं प्रत्येक मूल आजारी नसतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे, तेव्हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर हवा.

गृहपाठाचं परिपत्रक जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काढावं, ही विनंती. त्यानंतर दहावीच्या मुलांच्या हातात बोर्डापर्यंत जेमतेम आठ महिने उरतात.

आपली नम्र,
एक गणित शिक्षिका, परळ