मक्याचा दाणा कापून दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तोंडी आभार मानून समाधान झालं नाही, म्हणून हे जाहीर पत्र. मका पिकवणाऱ्या आणि दळणाऱ्या इतरांच्याही हे उपयोगी पडावं.

भरडा कमी आणि पीठ जास्त का निघतं, हा आमचा प्रश्न. तुम्ही यंत्राकडे न जाता आधी पोत्यात हात घातलात. दाणे उभे कापलेत आणि एकेक उजेडात धरायला लावलात. एका वाणाचा दाणा काचेसारखा चकचकीत, मधला पांढरा भाग जेमतेम. दुसऱ्याचा पिठूळ गाभा थेट माथ्यापर्यंत गेलेला आणि माथ्यावर खळगा. पहिला फ्लिंट, दुसरा डेंट. कडक भागातून भरडा मिळतो, पिठूळ भागाचं पीठच होतं. नुसत्या चाळण्या बदलून हे पालटत नाही. शिजवतानाही तेच. कडक दाण्यात पाणी सावकाश शिरतं. दोन्ही वाण चुन्याच्या पाण्यात एकत्र शिजवले, तर एक कच्चा राहतो तोवर दुसरा चिकट होऊन जातो.

काढणीबद्दल तुम्ही दाखवलेली खूण तर मला फार मोलाची वाटते. दाण्याचं टोक नखाने खरवडायचं. काळा थर दिसला की दाणा भरून झाला. पण तेव्हा ओलावा 30 टक्क्यांच्या आसपास असतो, मळणीची घाई करायची नाही. असा ओला माल कडक आचेवर वाळवला की दाण्याला आतून बारीक तडे जातात. बाहेरून तो अगदी चांगला दिसतो, दळताना मात्र चुरा होतो. उलट पक्व कणसं शेतात फार दिवस ठेवली तर कीड लागते, बुरशी येते. काही बुरश्यांचं विष शिजवूनही पुरतं जात नाही, हे तुम्ही किती कळकळीने सांगितलंत!

मधुमक्याचं तंत्र वेगळं: केस बाहेर पडल्यावर साधारण 3 आठवड्यांनी, दाणे दुधात असतानाच तोडायचा आणि लगेच थंड जागी ठेवायचा, नाहीतर साखर कमी होत जाते. लाह्यांच्या मक्यात ओलावा 13–14 टक्के हवा.

आता आमच्या प्रत्येक पोत्यावर वाण आणि काढणीची तारीख असते, दोन राशी एकत्र होत नाहीत. ताई, तुम्ही दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार.

आपली,
मका प्रक्रिया करणारी एक विद्यार्थिनी