तिकीट रद्द झालं तरी चालेल, माणूस बरा होऊ द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागं तुमच्या पुरवणीत परदेशी गायक-वादकांच्या नशेबद्दल एक छोटा मजकूर आला होता. मेटालिका बँडच्या जेम्स हेटफिल्डचा फोटो, वर चटकदार हेडिंग, आणि खाली तो रिहॅबमध्ये, म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात, गेला होता एवढंच. त्याच्या पुढचं काहीच नाही, म्हणजे तो परत कसा आला, बँडनं किती कळ सोसली, आणि मुख्य म्हणजे त्याच्या फॅन लोकांनी त्या काळात काय केलं. मी परभणीचा, इंजिनिअरिंगला तेव्हाच्या औरंगाबादला होतो, तिथं होस्टेलवर हे संगीत ऐकायला लागलो ते आजपर्यंत ऐकतोय, आणि फॅन लोकांची ही बाजू आपल्या मराठवाड्यातल्या लै घरांना कामाला येईल असं मनापासून वाटतं म्हणून हे पत्र. लांब झालंय, पण शक्यतो कापू नका.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, मेटालिका हा 1981 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेला मेटल, म्हणजे जोरकस रॉक संगीताचा बँड, हेटफिल्ड त्यात गातो आणि गिटार वाजवतो. ऐंशीच्या दशकात हे लोक इतकी प्यायचे की बँडचं नावच 'अल्कोहोलिका' पडलं होतं, तसे टी-शर्ट निघाले आणि पोरं ते मिरवायची. म्हणजे दारू पिणारा हिरो फॅन लोकांना आवडायचा, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच बँडनं 1986 साली नशा माणसाला दोरीला बांधून कसं नाचवते यावर गाणं केलंय आणि आजही शोमध्ये हजारो लोक ते एका सुरात म्हणतात, तेव्हा मेटल म्हणजे नशेची जाहिरात असं म्हणणाऱ्यांनी त्या गाण्याचे शब्द एकदा वाचावेत.

2001 मध्ये नवीन अल्बमचं काम चालू असताना हेटफिल्ड सगळं सोडून रिहॅबला गेला. कित्येक महिने काम ठप्प. 2002 मध्ये परत आला तेव्हा दुपारी बारा ते चार एवढाच वेळ स्टुडिओत बसणार असं ठरलेलं, चार वाजले की घरी. 2004 साली आलेल्या त्यांच्या डॉक्युमेंटरीत दिसतं की या चार तासांवरून बाकीच्यांची किती चिडचिड व्हायची, भांडणं व्हायची, पण शेवटी जगातला एवढा मोठा बँड त्या चार तासांवरच चालला आणि अल्बम निघाला जून 2003 मध्ये. मला त्या फिल्ममधलं हेच सगळ्यात जास्त पटलं. आपल्याकडं सगळ्यांना वाटतं की दारू सुटली ना, मग आता उद्यापासून लाग कामाला, कर्ज फेड, पोरांच्या फिया भर. तसं होत नसतं. डोकं आणि अंग दोन्ही जाग्यावर यायला लै वेळ लागतो.

मग आलं 2019. जवळपास अठरा वर्षांनी त्याला परत उपचाराला जावं लागलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा ऑक्टोबरात, अगदी तोंडावर, तिकिटं विकलेली, आणि 27 सप्टेंबरला बाकीच्या तिघांनी निवेदन काढलं की आमचा भाऊ जेम्स बरीच वर्षं व्यसनाशी झगडतोय, त्याला परत उपचार घ्यावे लागतायत, दौरा पुढं ढकलतोय, तिकिटाचे पैसे परत मिळतील. कुठलं खोटं कारण नाही, घसा बसला नाही की पाठ दुखली नाही, जे होतं ते सांगितलं.

आता हे मेटलचे फॅन काय गरीब गाय नसतात. 28 ऑक्टोबर 2011 ला गुडगावचा याच बँडचा शो ऐनवेळी रद्द झाला तेव्हा चिडलेल्या लोकांनी स्टेजवर चढून मोडतोड केली होती, सगळ्या पेपरात आलं होतं. (दोन दिवसांनी बेंगळुरूचा शो झाला, आमच्या होस्टेलची पोरं ट्रेननं उभ्यानं गेली होती त्याला.) तेच 2019 ला एक अख्खा दौरा गेला तरी लोकांनी लिहिलं ते हे, की तिकिटाचं सोडा, तू बरा हो, आम्ही थांबतो. कुणी लिहिलं माझा बाप यातच गेला, कुणी लिहिलं तुझ्यामुळं मी पण आज डॉक्टरकडं जायचं ठरवलं. पुढं 2020 मध्ये अमेरिकेतल्या दोन फेस्टिव्हलमधून त्यानं माघार घेतली, कारण त्याच शनिवार-रविवारी त्याच्या रिकव्हरीचे कार्यक्रम होते आणि ते हलवता येत नव्हते, तेव्हा पण लोकांनी समजून घेतलं. आणि मे 2022 मध्ये ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात भर शोमध्ये तो माइकवर बोलला की स्टेजवर यायच्या आधी मला फार भीती वाटत होती, मी म्हातारा झालो, आता वाजवणं होणार नाही असं वाटत होतं, तर बाकीच्या तिघांनी येऊन त्याला मिठी मारली. समोरचं पब्लिक त्याच्या नावानं ओरडत होतं आणि तो म्हणाला की तुम्हाला बघून कळतं मी एकटा नाही, आणि तुम्ही पण एकटे नाही. मी तो व्हिडिओ आजही बघतो.

हे सगळं सांगायचं कारण आमच्यातला एक मित्र. नाव-गाव लिहीत नाही, त्यानं हो म्हटलं तरी लिहिणार नाही. कॉलेजला आमच्या बँडचा ड्रमर होता, डबल पेडलवर, म्हणजे दोन्ही पायांनी ड्रम वाजवताना, असा चालायचा की गॅदरिंगला मागच्या बाकावरचे प्राध्यापक पण उठून बघायचे. मेटलवर पोट भरत नाही म्हणून नंतर ऑर्केस्ट्रात शिरला, लग्नसराईत ऑक्टोपॅड, हळदीच्या सुपाऱ्या, जयंत्यांचे कार्यक्रम. आता हे ज्याला माहिती आहे त्याला माहिती आहे, सुपारी देणारा माणूस बिदागी ठरवतो आणि वरून म्हणतो 'पोरांची सोय केलेली आहे'. सोय म्हणजे मांडवाच्या मागं टेम्पोत ठेवलेला बॉक्स. वाजवणाऱ्यानं प्यायलाच पाहिजे, त्याशिवाय हात चालत नाही असं लोक धरूनच चालतात. रोज रात्री तेच, मग सकाळी पण लागायला लागली, मग एक दिवस कार्यक्रमात तो पॅडवरच कोसळला आणि कुणीतरी उचलायच्या आधी त्याचा व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ तालुकाभर स्टेटसला फिरला. ज्यांच्या लग्नात त्यानं पहाटेपर्यंत वाजवलं त्याच लोकांनी तो फिरवला याचा मला आजही राग येतो.

घरच्यांनी त्याच्या आधी सगळं करून बघितलं होतं. देवाची शपथ घातली, कुण्या महाराजाकडून पुडी आणून भाजीत कालवली. या पुडीबद्दल स्पष्ट लिहितो कारण आपल्या भागात हे सर्रास चालतं. दारू नको वाटावी म्हणून जी खरी गोळी असते ती डॉक्टर पेशंटला सांगून, त्याची तयारी असल्यावरच देतात, कारण ती पोटात असताना दारू गेली तर जीवावर बेतू शकतं, आणि पुडीत नेमकं काय असतं हे देणारा पण सांगत नाही. तसंच, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडायची हे पण धोक्याचं, दोन-तीन दिवसांत अंग थरथरतं, फिट येते, भास होतात, माणूस दगावू शकतो. तिथं डॉक्टर पाहिजेच.

शेवटी तो व्यसनमुक्ती सेंटरला गेला आणि परत आला. माझ्या मते खरी परीक्षा इथून पुढं असते आणि ती आजूबाजूच्या लोकांची पण असते. त्याच्या हाताला कंप होता, स्टिक सुटून पडायची. एका मित्राच्या दुकानावर माळ्याची खोली आहे तिथं आम्ही रबराचं प्रॅक्टिस पॅड ठेवलं, ऐकायला कुणी नाही, मोबाइलवर टिकटिक लावायची, मिनिटाला साठच्या स्पीडनं, नुसतं उजवा-डावा-उजवा-डावा. जो माणूस दोनशेच्या वर वाजवायचा तो साठवर चुकत होता आणि आम्ही शेजारी चहा पीत बसायचो, वा म्हणायचं नाही आणि अरेरे पण म्हणायचं नाही. सेंटरमध्ये काय झालं हे त्यानं स्वतःहून काढल्याशिवाय कुणी विचारायचं नाही असं आपोआपच ठरून गेलं. मग सुपाऱ्या परत सुरू झाल्या तेव्हा आम्ही सुपारी देणाऱ्याला आधीच फोन करायचो, मामा, याच्यापुढं बाटली आणायची नाही, बिदागी दोनशे कमी द्या पण हे पाळा. काही जणांनी पाळलं. काही जण म्हणायचे, 'घे ना रे, काय होऊ लालंय एकानं', आणि तेव्हा त्याच्या अंगाला खेटून आमच्यातलं कुणीतरी उभं असायचं, हातात लिंबू सोडा घेऊन, त्या कार्यक्रमापुरती स्वतः पण न घेता.

मधी एकदा तो घसरला. नात्यातल्याच एका लग्नात, नात्यातल्याच माणसानं पाजली. गावात लगेच सुरू झालं की बघा, सेंटरचे पैसे पाण्यात गेले, कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. मला इथं हेटफिल्ड आठवतो, अठरा वर्षांनी परत उपचाराला जावं लागलं त्याला, जगातले सगळ्यात चांगले डॉक्टर परवडणारा माणूस तो. व्यसनावर संशोधन करणारी अमेरिकेतली सरकारी संस्था सांगते की उपचार घेतलेल्यांपैकी साधारण 40 ते 60 टक्के लोक कधी ना कधी परत वापराकडं वळतात, आणि हे प्रमाण बीपी किंवा दम्याच्या पेशंटनी औषध-पथ्य सोडण्याच्या जवळपास आहे. बीपी परत वाढला म्हणून कुणी बापाला घराबाहेर काढत नाही. आम्ही मित्राला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं नेलं, त्याची आई सोबत होती, रस्त्यात कुणी काही बोललं नाही. आज तो वाजवतोय आणि एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या मिटिंगला जातोय, तिथं शिकवतात तसं फक्त आजच्या दिवसापुरतं बघतो.

आपल्याकडं हे होऊ शकतं असं मी ठामपणे म्हणतो कारण आपल्याकडं ते आधीपासून आहे. एखाद्यानं पंढरपूरची माळ घातली की गावातला अट्टल पिणारा पण त्याला आग्रह करत नाही. 'माळकरी हाय तो, राहू द्या' म्हणतात, त्याचं ताट वेगळं वाढतात, त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करतात आणि कुणाला त्याचं ओझं वाटत नाही. सेंटरवरून आलेल्या पोराला एवढाच मान द्या. त्याच्या गळ्यात दिसायला काही नसतं म्हणून त्याला चार वेळा नाही म्हणावं लागतं, आणि ते चार वेळा नाही म्हणणं कसं असतं ते मी त्या लग्नांमध्ये त्याच्या चेहऱ्यावर बघितलंय.

पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाई देशपांडेंच्या मदतीतून उभं राहिलं ते. पुलंसारखा लेखक आपल्या पैशातून व्यसनमुक्तीचं काम उभं करतो ही आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट आहे आणि ती परदेशी बँडच्या गोष्टीपेक्षा मला जास्त जवळची वाटते. पण मराठवाड्यातल्या खेड्यातून पुण्याला जाणं प्रत्येकाला जमत नाही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं व्यसनाचा पेशंट पण बघतात, हेच कित्येक घरांना माहिती नाही. आणि आता प्रश्न नुसत्या दारूचा पण राहिला नाही, संभाजीनगरला बटन गोळ्यांच्या, म्हणजे नशेसाठी घेतात त्या गोळ्यांच्या, बातम्या तुम्हीच छापता, त्यातली पोरं पण कुणाची तरी गाणारी-वाजवणारी-खेळणारी पोरं आहेत.

तर संपादक साहेब, माझं मागणं एवढंच. कलाकाराच्या नशेची बातमी छापायला हरकत नाही, पण तो परत उभा राहतो ती बातमी पण तेवढ्याच जागेत छापा. पडलेल्या माणसाचा व्हिडिओतला फोटो वापरू नका. आणि अशा प्रत्येक बातमीखाली केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस 14416 हे दोन्ही नंबर ठळक टाइपात टाका, दोन्हीला पैसे लागत नाहीत. लग्नसराई तोंडावर आहे, ऑर्केस्ट्रा आणि बँडवाल्यांच्या तारखा लागायला लागल्यात, त्याच्या आधी हे पत्र छापून आलं तर सुपारी देणाऱ्या चार जणांच्या तरी वाचण्यात येईल.

आपला एक नियमित वाचक,
परभणी