बाबांचा कपाटातला चष्मा

पुणे,
रविवार दुपार

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

फोनवर सांगून बघितलं. बाबा, तुम्ही "हो हो, बघू" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. आई म्हणते, "अगं, त्यांना सवयच होत नाही, वय झालं आता." म्हणून लिहून पाठवतेय. आईने मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी मधेच उठून पंप बंद करायला जायचं नाही.

नव्या चष्म्याची सवय न होण्यात तुमचा काही दोष नाही, बाबा. वयाचाही नाही. चष्माच चुकीचा बसवलाय, आणि चष्म्यांची मापं घेणं हे माझं कामच आहे.

गणपतीत तुम्ही जेवून आडवे झालात तेव्हा मी तो कपाटातून काढला. विम्याच्या पावत्यांच्या मागे, घरासकट, रुमालात गुंडाळून ठेवला होतात. चष्मा लपवायची जागा ती! प्रोग्रेसिव्ह काचेवर, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर रेघेशिवाय एकातच असलेल्या काचेवर, दोन बारीक गोल कोरलेले असतात, एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर. एरवी ते दिसत नाहीत. काचेवर तोंडाची वाफ सोडून ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली की क्षणभर उमटतात आणि विरतात. कानाकडच्या गोलाखाली २५ असा आकडा दिसला, म्हणजे जवळचा जादा नंबर अडीच. तुमच्या कागदावरही अडीचच आहे. काच बरोबर, नंबरही बरोबर. मग दादाच्या सोनूची कंपासपेटी मागून घेतली आणि पट्टीने मोजत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला पडवीत बसवून "जरा माझ्या कपाळाकडे बघा" म्हणत होते, ते त्याचसाठी. तुम्हाला वाटलं, पोरगी फोटो काढतेय.

तरुणपणी कबड्डीत तुमचं नाक मोडलं होतं, ते थोडं उजवीकडे झुकलेलंच राहिलं. त्यामुळे नाकाच्या मध्यापासून तुमच्या उजव्या डोळ्याची बाहुली ३० मिलिमीटरवर आहे आणि डावी ३४ वर. एकूण ६४. दुकानदाराने एकूण ६४ मोजले, ते बरोबर मोजले, आणि सरळ निम्मे करून ३२-३२ लावून टाकले. साध्या लांबच्या चष्म्यात तुमच्या नंबरला एवढं खपून गेलं असतं. ह्या काचेत नाही खपत.

का, ते तुम्हाला अणुस्कुरा घाटाच्या हिशोबात सांगते. प्रोग्रेसिव्ह काच म्हणजे वर पठार, लांबचं बघायला ऐसपैस. अगदी खाली वाचायला बेताची जागा. आणि वरून खाली उतरायला मधे अरुंद रस्ता. रस्ता सोडून कडेला गेलात की सगळं वाकडं आणि अंधुक, दरीच म्हणा. तुमच्या दोन्ही काचांमधला हा रस्ता दोन-दोन मिलिमीटर उजवीकडे सरकलाय. म्हणून तुम्ही पेपर छातीसमोर न धरता जरासा उजवीकडे धरत होतात. आई हसली होती, "ह्यांना आता शेजाऱ्याचा पेपर वाचायची खोड लागलीय." खोड नव्हती ती. तुमचे डोळे रस्ता शोधत होते.

दुसरी चूक फ्रेमची, आणि ती मोठी. काडीच्या आतल्या बाजूला बघा, ५४, मग छोटा चौकोन, १६, आणि १४० असं लिहिलंय. काचेची रुंदी, दोन काचांमधलं नाकावरचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरात. काच उंचीला किती, ते मात्र तिथे लिहिलेलं नसतं आणि प्रोग्रेसिव्हला नेमकं तेच लागतं. मी मोजली, २६. तुम्हाला शोभेल म्हणून बारीक, ऑफिसरसारखी फ्रेम दिली त्यांनी. त्यात तुमच्या बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत जेमतेम १४ मिलिमीटर उरतात. इकडे येऊन कंपनीचा तक्ता काढून बघितला, ह्या काचेला १८ तरी हवेत. म्हणजे वाचायचा भाग फ्रेमच्या मापाला काच घासताना गेला. पैसे मोजलेत तुम्ही जवळच्या नंबरचे, आणि तो नंबर पडला दुकानाच्या मशिनखाली. राहिलेल्या बारीक पट्टीतून वाचायला तुम्ही हनुवटी वर करता आणि बोटाने चष्मा उचलून धरता. पंधरा मिनिटांत मान भरून येणारच.

माझीही चूक आहे यात. "बाबा, आता रेघेचा चष्मा सोडा, प्रोग्रेसिव्ह घ्या," हे मीच तुम्हाला मार्चमध्ये फोनवर सांगितलं होतं. मोजमाप कोण करणार, फ्रेम कोण निवडणार, हे विचारलंच नाही. आणि खरं सांगायचं तर मीही रविवारच्या गर्दीत काही लोकांची मापं घाईत घेतलीयत. मागच्या महिन्यात एक काका तिसऱ्यांदा परत आले, तेव्हा मीसुद्धा त्यांना म्हणाले, "वापरत राहा, सवय होईल." सवयीला वेळ लागतो हे खरंच आहे, आठ-पंधरा दिवस मी सगळ्यांनाच सांगते. पण त्यानंतरही माणूस हनुवटी वर करून वाचत असेल, तर माप चुकलंय असं समजून पुन्हा मोजायला बसावं. त्या काकांना मी परवा फोन करून बोलावून घेतलं. तुमच्यामुळे.

तुमचा जुना डी बायफोकल, खाली डी अक्षराच्या आकाराचा वाचायचा तुकडा असलेला तो रेघेचा चष्मा, आठवतोय मला. एस.टी.त डोकं जराही न हलवता, नुसती नजर खाली टाकून तुम्ही ट्रेमधलं तिकीट काढून पंच करायचात आणि पुन्हा वर बघून "ओणी, ओणी कोण आहे?" अशी हाक मारायचात. वर माणसं, खाली तिकिटं, मधे रेघ. त्या कामाला त्याच्याइतका चांगला चष्मा आजही नाही. प्रोग्रेसिव्ह काही कालचीही नाही म्हणा. फ्रान्समध्ये बर्नार मेतेनाझ नावाच्या इंजिनिअरने घडवलेली पहिली चालणारी काच १९५९ साली बाजारात आली. म्हणजे ती तुमच्याहून फक्त एका वर्षाने लहान!

आता पायरीचं. आई, तू फोनवर "काही नाही, जरा गुडघा खरचटला" म्हणालीस, पण शेवटची पायरी त्यांना दिसलीच नाही हे दादाकडून कळलं. खाली बघताना नजर जाते वाचायच्या भागातून. तो दीड वितीवरच्या अक्षरांसाठी आहे, पाच फुटांवरच्या चिऱ्याच्या पायरीसाठी नाही. पायरी अंधुक होते आणि आहे त्यापेक्षा वेगळ्याच जागी दिसते. ऑस्ट्रेलियात ह्यावर एक अभ्यास झाला होता, २०१० साली छापून आला. असे दोन-तीन नंबर एकत्र असलेले चष्मे वापरणाऱ्या वयस्कर लोकांना बाहेर जाताना घालायला निव्वळ लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा दिला. जे नेहमी बाहेर हिंडणारे-फिरणारे होते, त्यांचं पडणं बरंच कमी झालं. पण जे फारसे घराबाहेर पडत नव्हते, ते बाहेर गेल्यावर उलट जास्त पडले. म्हणजे सगळ्यांना एकच औषध नाही.

तुम्ही हिंडणारे. सकाळी बागेत, मग नाक्यावर, संध्याकाळी देवळाच्या पायऱ्या. म्हणून माझं मत असं: लांबचा साधा एक चष्मा बागेसाठी, रस्त्यासाठी, जिन्यासाठी. आणि घरात बसून पेपर, टीव्ही, मोबाइल यांना पुन्हा डी, किंवा तुमची इच्छा असलीच तर नीट मापाची प्रोग्रेसिव्ह. रेघ दिसते म्हणून डी कमीपणाचा, असं मला कधीच वाटलं नाही. उगाच बोलून गेले मार्चमध्ये.

काच साध्या प्लॅस्टिकची पुरे. तुमचा नंबर सव्वा, त्यात पाऊण सिलिंडर, म्हणजे ठरावीक कोनात लागणारा जादा नंबर. त्याला महागडी पातळ काच घेऊन दोन ग्रॅमसुद्धा वाचणार नाहीत. काचेवरची झळाळी घालवणारं कोटिंग मात्र घ्या. साध्या काचेवर आठेक टक्के उजेड परत उडतो, रात्री समोरून गाडी आली की तेच टोचतं. निळा उजेड अडवणाऱ्या ब्लू कटचे पैसे तुमच्याकडून का घेतले, ते मला अजून कळलेलं नाही. मोबाइलमुळे येणारा डोळ्यांचा थकवा त्याने कमी होतो असं काही दिसत नाही, औषधोपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३च्या आढाव्यातही नाही दिसलं. आणि तुमचा मोबाइल तर दिवसभर देव्हाऱ्यापाशी चार्जिंगला लावलेला असतो.

आई, आता तुझं. जत्रेत घेतलेली ती अडीचची चाळिशी वापर, बिनधास्त वापर. तिने डोळे बिघडत नाहीत, आणि "चष्मा लावला की नंबर वाढतो" हे तुझ्या मावशीचं म्हणणंही खरं नाही. डोळ्याच्या आतलं भिंग वयाप्रमाणे कडक होत जातं, म्हणून जवळचं दिसेनासं होतं. चष्मा लावा नाहीतर डबीत ठेवा, ते होतच राहतं. फक्त त्या तयार चाळिशीत दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो. तुझा एक डोळा ऑपरेशनचा आणि एक अजून मोतीबिंदूचा, म्हणजे दोघांचे नंबर वेगळे. तांदूळ निवडताना, वाती वळताना चालेल. पोथीचं अख्खं पान वाचायला बसलीस की डोकं दुखेल, तेव्हा उठायचं.

पण महागाचा चष्मा आत्ता अजिबात करू नकोस. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर महिना-दीड महिन्याने नंबर स्थिर होतो, तेव्हा करू. तोवर डॉक्टरांच्या कागदावर घरच्या हिशोबाचं काही लिहू नकोस. मागच्या वेळी दुधाचा हिशोब ॲक्सिसच्या, म्हणजे सिलिंडरचा कोन लिहायच्या, रकान्यात गेला होता.

तुझ्यासाठी फ्रेम मी मनात ठरवून ठेवलीय. हलकी, धातूची, नाकावर दोन मऊ पॅड असलेली. तुझं नाक वरच्या बाजूला बसकं आहे, प्लॅस्टिकची फ्रेम घामाने घसरून नथीपर्यंत येते. पॅड आत-बाहेर वाकवता येतात. काडीचा बाक कानाच्या मागे लगेच सुरू झाला पाहिजे, तुझ्या जुन्या चष्म्यात तो बोटभर पुढे जाऊन मग वळतो, म्हणून तू सारखी वर ढकलत असतेस. आणि पदराने पुसणं बंद. कोरड्या कापडाने धूळ काचेवर घासली जाते. नळाखाली धरायचा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मग मऊ सुती कापड. बाबांच्या जुन्या फ्रेमच्या पॅडखाली हिरवा थर चढलाय, तोही ब्रशने काढ. आपल्याकडची दमट हवा आणि घाम, दुसरं काय!

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, शनिवारी सकाळी राजापूरला उतरेन. चार फ्रेम घेऊन येते, चारही उंचीला ३० च्या वर. दुकानदाराशी भांडायला जायचं नाही, बाबा. मी फोनवर बोललेय त्यांच्याशी, पावती शोधून ठेवा म्हणजे झालं. माप मी स्वतः घेणार. तुमच्यासमोर स्टुलावर, तुमच्या डोळ्यांच्या उंचीला बसून, फ्रेमच्या डमी काचेवर मार्करने टिंब देऊन. तेव्हा ताठ बसायचं नाही. फोटोसाठी बसल्यासारखं बसलात की माप पुन्हा चुकेल. नाक्यावर कट्ट्यावर बसता तसं बसा.

तोवर जुना डी लावा. आणि पायरीवर आईने रांगोळीच्या चुन्याने पांढरी रेघ ओढावी, शेवटच्या पायरीच्या अगदी काठाला.

तुमची,
माई

ता. क. जुन्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू सुरीने पिळू नका, आटे जातील. छोटा पेचकस आणतेय. आणि बाबा, तो गळ्यातला दोराही आणतेय. म्हातारे दिसाल तर दिसाल.