सीटीच्या चिठ्ठीवर क्रिएटिनिन हवंच: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी संग्रामपूर तालुक्यातला, निवृत्त एक्स-रे टेक्निशियन. आमचा भाग पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारट, आणि किडनीचे पेशंट गावोगाव. डायलिसिस म्हणजे काय, हे इथे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. अशा गावातल्या माणसाला डाय देऊन सीटी करायला सांगतात, तेव्हा त्याचे जे हाल होतात त्याबद्दल लिहितो आहे.

पोटातली गाठ, नसेतला अडथळा साध्या सीटीत नीट उमटत नाही. म्हणून शिरेतून आयोडीनचं औषध देतात, तीच ही डाय. आयोडीन एक्स-रे अडवतं, त्यामुळे रक्त पोचेल तो भाग पांढरा दिसतो. किडनी धड असली तर दोनेक तासांत निम्मं औषध लघवीवाटे निघून जातं. किडनी आधीच खालावलेली असली तर ते रेंगाळतं आणि आणखी इजा होण्याचा धोका असतो. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात; किडनी खालावली की हा टाकाऊ पदार्थ रक्तात साचतो. त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, 30 च्या खाली असला, की डॉक्टर विचार करूनच डाय देतात. मधुमेहाची मेटफॉर्मिनही अशा वेळी थांबवतात.

'डायनं किडनी जातेच' ही गावातली भीती मात्र खरी नाही. जुन्या औषधांचा परासरण दाब, म्हणजे पाणी ओढून घेण्याची ताकद, रक्ताच्या पाचपट आणि त्याहूनही जास्त असे. तेव्हाच्या उलट्या मीच पुसल्या आहेत. आताचं आयोहेक्सॉल पुष्कळ सौम्य आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अंग गरम होतं, तोंडाला धातूची चव येते, तेवढंच बहुतेकांना जाणवतं.

आता तक्रार. मजुरी बुडवून माणूस जिल्ह्याला जातो. तिथे विचारतात, 'क्रिएटिनिन कुठाय? करून उद्या या.' उद्या गेला, की 'डाय संपली, बाहेरून आणा.' 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या खात्याच्या दवाखान्यांत तपासण्या मोफत आहेत ना, साहेब? 2022 मध्ये शांघायच्या टाळेबंदीत कारखाना बंद पडला, तेव्हा अमेरिकेतही आयोहेक्सॉल पुरलं नव्हतं. ते समजू शकतो. आमच्याकडे मार्चअखेरीला संपतं, ते कुठल्या टाळेबंदीनं?

क्रिएटिनिनचं रक्त तालुक्यालाच घेता येतं. तातडीचा पेशंट सोडून बाकी कुणालाही ग्रामीण रुग्णालयानं सीटीला पाठवताना चिठ्ठीवर क्रिएटिनिनचा ताजा आकडा, मधुमेहाच्या गोळ्या आणि आधी डायची रिअ‍ॅक्शन आली होती का, एवढं लिहायची सक्ती करा. डायचा तीन महिन्यांचा साठा जिल्ह्याला ठेवायला सांगा. गंभीर रिअ‍ॅक्शन आली तर ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते. तेवढा वेळ पेशंटच्या हातातली सुई काढू नये, खोलीत रिअ‍ॅक्शनवरचं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन असावं आणि ते देणारा डॉक्टर चहाला गेलेला नसावा.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन
ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा